पानी चालू तर डोळा चालू

"सिष्टर, भंडारदऱ्याला पाऊस झाला का?"

सकाळी ड्यूटीवर आले की वॉर्डाच्या दारातच हा प्रश्न माझ्या अंगावर यायचा. मी जन्माने नगरची, शिकले नगरला, नोकरीही नगरलाच. भंडारदरा आमच्याच जिल्ह्यात असला तरी मला विलायतेइतकाच लांब. पण रंभाजीनानांची पक्की समजूत होती की इस्पितळात काम करणाऱ्या माणसाला सगळी खबर असते. मी "झाला" म्हटलं तर ते खूश होऊन पलंगावर उठून बसायचे. "नाही झाला" म्हटलं तरी उठूनच बसायचे. आडवे पडलेले नाना मी सुरुवातीला कितीतरी दिवस पाहिलेच नव्हते.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठची. आमच्या मिशनच्या इस्पितळात तेव्हा एक नवाच उपचार सुरू झाला होता. किडन्या निकामी झालेल्या माणसाच्या पोटात पाणी खेळवून रक्तातली घाण काढायची. मुंबईला यासाठी यंत्रं होती म्हणे. आमच्याकडे काचेच्या बाटल्या होत्या, रबरी नळ्या होत्या, चिमटे होते आणि आम्ही होतो. बेंबीखाली एक नळी बसवायची. स्टँडला टांगलेल्या बाटल्यांतलं कोमट औषधी पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ आत राहू द्यायचं, मग खालच्या बाटलीत उतरवून घ्यायचं. परत नव्या बाटल्या. असं दिवसभर, रात्रभर आणि पुन्हा दुसरा दिवसभर. आज हे सांगितलं की नव्या पोरी हसतात. पण तेव्हा आम्हाला वाटायचं, आपण चंद्रावर पाऊल ठेवलंय. पहिल्या पेशंटच्या वेळी तर स्वयंपाकघरातला आचारीसुद्धा हात पुसत खिडकीतून डोकावून गेला होता.

नाना आमचे तिसरे की चौथे पेशंट. नेवासा तालुक्यात भंडारदरा धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्याचा राखणदार. पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या शेताला पाणी सोडायचं, चारीच्या, म्हणजे पोटपाटाच्या, काठाने फिरायचं, कुठे फुटलं तर बुजवायचं आणि कुणी चोरलं तर पकडायचं. माणूस उंच, अंगाने वाळका, मिशा पांढऱ्या. पाय मात्र सुजून खांबासारखे झालेले. सरकारी खाकी कोट त्यांनी पलंगाच्या डोक्याशी टांगून ठेवला होता आणि तो कुणाला हलवू देत नसत. डॉक्टर राउंडला आले की आधी कोट घालायचे, मग जीभ दाखवायचे.

लोक पहिल्यांदा त्या बाटल्या बघून घाबरतात. कुणी रडतं, कुणी बायकोला घरची निरवानिरव सांगायला लागतं. नानांनी मान वर करून बाटल्या पाहिल्या, नळीवरून बोट फिरवत पोटापर्यंत आले, तिथून खालच्या बाटलीपर्यंत गेले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मीच चपापले.

"अगं भागे, ह्ये बघ," त्यांनी बायकोला हाक मारली. "ह्ये वर धरन. ह्यो चिमटा म्हंजी गेट. ही चारी. आन् ह्यो खाली वढा. ह्ये तर आपलंच काम हाय." मग डॉक्टरांकडे वळून गंभीरपणे विचारलं, "सायेब, आवर्तन किती दिसाचं?" धरणातून कालव्याला पाणी सोडण्याच्या एका खेपेला आवर्तन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर दक्षिणेतून हे सगळं शिकून आलेले. त्यांना रोगी समजावण्याची तयारी होती, पाटकरी समजावण्याची नव्हती. ते हसत सुटले. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात डायालिसिसला कुणी डायालिसिस म्हणेना. "नानांचं आवर्तन कधी?" असं मेट्रनसुद्धा विचारायच्या.

नानांचा उत्साह म्हणजे एक उपद्रवच होता. किडनीच्या रोग्याला पाणी मोजून प्यावं लागतं, दिवसाला दोन-तीन फुलपात्री. एरवी याच्यावरून पेशंट आमच्याशी भांडतात, नळाला तोंड लावतात. नानांनी त्याची, पाटावर शेतांना लावतात तशी, शेजपाळी लावली. सकाळी गोळीबरोबर एवढं, जेवणानंतर एवढं, आणि उरलेलं संध्याकाळी कोरडं तोंड ओलं करायला. शेजारच्या पेशंटला सांगायचे, "आयुष्यभर लोकांना मोजून पानी दिलं. लोक शिव्या द्यायचे. आता कळतंय, बरोबर द्यायचे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसायचे.

आमच्या वॉर्डात डोकं वर-खाली होणारे दोनच पलंग होते. पायथ्याला एक वाकडा लोखंडी दांडा घालून फिरवायचा, की डोकं वर यायचं. दांडा सुटा होता आणि सारखा हरवायचा, म्हणून भिंतीला खिळ्यावर टांगलेला असे. नानांची नजर पहिल्याच दिवशी त्याच्यावर गेली. "आमच्या गेटची चावी अश्शीच असती," म्हणाले. "हातभर लांब. नवी चावी लई गार लागती हाताला. जुनी झाली की मानसाच्या हातावानी हुती."

इथवर सगळी मजाच होती. अडलं ते झोपेपाशी.

किडनीच्या रोग्याची झोप हे एक कोडंच असतं. दिवसा डोळ्यांवर गुंगी, जेवता जेवता घास हातात राहील इतकी. आणि झोपायची वेळ झाली की डोळे टक्क उघडे. अंगाला खाज. पायांत अशी वळवळ की आडवं पडलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आणि उठून चार पावलं टाकली की जरा बरं वाटतं. पुन्हा पडलं की पुन्हा तेच. झोपेची गोळी सढळ हाताने द्यावी तर तीही धोक्याची. निरोगी माणसाच्या अंगातून जी गोळी लघवीवाटे निघून जाते, ती यांच्या अंगात पाहुणी म्हणून येते आणि मुक्काम ठोकते. डॉक्टर त्या बाबतीत फार जपून असत.

बाकीच्या पेशंटना निदान डायालिसिस चालू असताना डुलकी लागायची. रक्त धुतलं जाऊ लागलं की मेंदूवरचं मळभ हटतं, पाय जरा शांत होतात, आणि थकलेलं माणूस दुपारी घोरायला लागतं. नानांचं उलटंच. पाणी सुरू झालं की त्यांचे डोळे जास्तच मोठे व्हायचे. बाटलीकडे बघायचे, खालच्या बाटलीत पडणारी धार ऐकायचे, धार बारीक झाली की हाक मारायचे. दोन दिवस पाणी चालायचं, दोन दिवस नाना जागे. मधल्या दिवसांत पायांची वळवळ जागं ठेवायची. असं करत त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, रक्तदाब चढायला लागला, बोलता बोलता शब्द विसरायला लागले. तरी विचारलं की एकच उत्तर.

"सिष्टर, पानी चालू तर डोळा चालू. पाटकरी झोपला आन् पाट फुटला, तर गाव वाहून जातं."

त्यांची बायको, भागामावशी, ठेंगणी आणि तोंडाने फटकळ होती. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, 'ह्ये' म्हणायची, पण त्या 'ह्ये'मध्ये सगळा हिशेब असायचा. "ह्यांना झोप येत न्हाई, आसं कुनी सांगितलं? पाळी संपली की ह्यांच्याइतकं झोपनारं मानूस जिल्ह्यात न्हाई," ती मला म्हणाली. मग तिने एसटीची गोष्ट सांगितली. नानांची बहीण कुकाण्याला दिलेली. एकदा आवर्तन संपवून नाना भाऊबीजेला म्हणून नेवाश्याला गाडीत बसले, ते कुकाणं मागे टाकून थेट शेवगावला जागे झाले. परतीच्या गाडीत बसले, ते पुन्हा कुकाणं ओलांडून नेवाश्यात. शेवटी बहीणच भाऊबीजेचं ताट घेऊन कुकाण्याच्या स्टँडवर येऊन उभी राहिली आणि कंडक्टरला म्हणाली, "त्यो खाकी कोटवाला उतरवा, माझा भाऊ हाय." नाना हे ऐकताना ओशाळायचे नाहीत. उलट पुस्ती जोडायचे, "आगं, पन झोप काय लागली हुती."

नानांना झोपवणं हा मग वॉर्डाचा ध्यास झाला. भागामावशी काशाच्या वाटीने त्यांचे तळपाय घासायची. तळवे काळे व्हायचे, पाय घटकाभर थंड पडायचे. कुणी खसखशीची खीर सुचवली, डॉक्टरांनी हात जोडले. शेजारच्या पेशंटच्या मुलाने बाटलीची धार ऐकू येऊ नये म्हणून कानात कापूस घालायला सांगितला. नानांनी घातला, आणि पाणी ऐकू येत नाही म्हणून इतके कासावीस झाले की पलंगावर उठून बसताना नळीच निसटायची वेळ आली. आमच्या पास्टरकाकांनी येऊन प्रार्थना केली. नानांनी भक्तिभावाने हात जोडले, आमेन म्हणाले आणि डोळे उघडून बाटलीकडे बघितलं.

पुढच्या खेपेला नळी बसवायची तयारी केली तेव्हा नानांनी पोटावरचा सदरा खाली ओढला.

"झोप द्या, न्हाईतर घरी सोडा," म्हणाले. आवाज चढा नव्हता. "मरनाचं काय न्हाई. पन आसं टक्क डोळ्यांनी मरायचं मला जमत न्हाई."

डॉक्टरांनी भागामावशीला बाहेर बोलावून सरळ सांगितलं. नानांचा धाकटा भाऊ मुंबईला असे, आपली एक किडनी द्यायला तयार होता, तिथल्या तपासण्या चालू होत्या. बोलावणं येईपर्यंत आमच्या बाटल्यांवर तग धरायचा होता. उपचार सोडून घरी गेले तर भावाची किडनी भावाच्याच पोटात राहणार होती. मावशी ऐकून आत आली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाटीने पाय घासायला बसली. तिचा हात इतका जोरात चालला होता की नाना म्हणाले, "आगं, पाय हाय, परात न्हाई." कशीबशी समजूत घालून आम्ही ती एक खेप पदरात पाडून घेतली. नळी बसली, पाणी सुरू झालं. पण ही शेवटची, असं नानांनी बजावलं होतं, आणि ते दिलेल्या शब्दाला पक्के होते.

त्याच दिवशी दुपारी गेणूभाऊ आला.

पटका बांधलेला, रापलेला, दोन दात पडलेला शेतकरी. चारीच्या अगदी शेपटाला त्याचं शेत. पाटाचं पाणी शेपटापर्यंत पोचता पोचता आटतं, म्हणून त्या टोकाचे शेतकरी जन्मजात तक्रारखोर असतात. गेणूभाऊ तक्रारखोर नव्हता, तो सरळ पाणी चोरायचा. नानांची आणि त्याची वर्षानुवर्षांची दुष्मनी होती. भिंतीला टेकून त्याने पहिलं वाक्य टाकलं ते असं.

"काय पाटकरी, मेला न्हाईस अजून?"

"तुला चोरायला रान मोकळं करून दिऊ व्हय?" नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांत नसलेली धार आली.

"नवा पाटकरी भांडतच न्हाई रं. चारीचं दार फोडलं तर नुसता बघतो आन् जातो. चोरीला काय चवच राह्यली न्हाई."

मी दुसऱ्या पेशंटचा रक्तदाब घेत होते, पण कान तिकडेच. गेणूभाऊने स्टूल ओढलं आणि दुष्काळातली गोष्ट काढली. मला सांगत होता की नानांना, कळत नव्हतं. त्या वर्षी शेतीला पाणी नव्हतंच. विहिरींचा तळ दिसला, तेव्हा फक्त पिण्यासाठी म्हणून एकदा कालव्याला पाणी सोडलं. कोरड्या पाटातून पाण्याचं तोंड निघालं की ते माणसाच्या चालीने सरकतं. पुढे फेस, काटक्या, वाळकी पानं. जागोजाग लोक टपलेले, कारण तहान सगळ्यांनाच होती. नाना त्या तोंडाबरोबर काठाने चालत निघाले. पाणी थांबलं की थांबायचे, पाणी निघालं की निघायचे. वाटेत प्रत्येक दार स्वतः तपासायचे. पाय तेव्हाच सुजायला लागले होते; उन्हानं सुजले असतील, असं ते म्हणायचे.

"आमी समदे शेपटाला उभे," गेणूभाऊ म्हणाला. "बायका, पोरं, म्हातारी मानसं. कुनी बोलंना. लांबनं ह्यो दिसला, चावी खांद्यावर. आन् ह्याच्या बाजूला पानी, कुत्र्यावानी ह्याच्या पायापाशी चालत आलेलं. सिष्टर, खरं सांगतो, आंगावर काटा आला. बायकांनी पान्याला हळदकुंकू वाहिलं. एकीनं ह्याच्याच पायाला वाहिलं."

वॉर्डातले सगळे ऐकत होते. कोपऱ्यातला हाड मोडलेला पोलीससुद्धा उठून बसला होता.

"पन त्याच्या आधी काय झालं ते सांग की," गेणूभाऊ नानांकडे बघत म्हणाला, आणि त्याचा सूर बदलला. "मी आदल्या पुलापतुर सामोरा जाऊन आल्तो. तितंबी लोक जमलेले. ह्याला चालवत नव्हतं. डोळे मिटत हुते. मी म्हनलं, नाना, दे चावी, मी नेतो पानी म्होरं, तू हितं पड. काय म्हनला इचारा त्याला."

नाना खालच्या बाटलीकडे बघत होते.

"म्हनला, चोराच्या हाती चावी दिऊ व्हय? साऱ्या लोकांम्होरं. त्या पान्यात माझ्या आईची घागर भरायची हुती, सिष्टर. त्यातलं मी चोरनार हुतो काय?"

भागामावशीच्या हातातली वाटी थांबली. गेणूभाऊने पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं आणि मग उगाच हसून म्हणाला, "जाऊं दे. आता तरी झोप की. पानी तर सरकारी हाय न्हवं, तुझ्या बापाचं न्हाई."

"झोपू कसा?" नाना एकदम चिडले. "पानी चालू हाय, आन् बदली कुठं हाय?"

माझ्या हातातला पंप तसाच राहिला. बदली? मी त्यांच्या पलंगाशी आले आणि विचारलं, म्हणजे काय ते नीट सांगा.

मग नानांनी सांगितलं. कालव्यावर पाणी चालू असताना पाटकरी झोपू शकतो, पण बदलीचा माणूस आल्यावरच. आणि नुसता येऊन चालत नाही. जाणाऱ्याने तोंडाने सांगायचं, किती पाणी चालू आहे, कोणती दारं उघडी, कुठे धोका. येणाऱ्याने ते सगळं परत म्हणून दाखवायचं. मग चावी हातात द्यायची आणि 'ताबा घे' म्हणायचं. त्याने 'ताबा घेतला' म्हटलं की आपण सुटलो. मग चालू लागायचं आणि मागं वळून पाण्याकडे बघायचं नाही.

"बघितलं तर?" मी विचारलं.

"मंग ताबा दिलाच न्हाई. त्या मानसावर इस्वास न्हाई, आसा अर्थ हुतो."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली. एवढंच होतं? मी म्हटलं, "नाना, मी बदली. द्या ताबा आणि झोपा." नानांनी मायेने मान हलवली. "तुमी सिष्टर. तुमाला धा पेशंट. बदलीचं ध्यान एकाच पान्यावर पायजे." भागामावशी पुढे झाली, "मला द्या." तिच्याकडे बघून ते म्हणाले, "तू माझ्याकडं बघत बसशील, भागे. पान्याकडं कोन बघनार?"

वरच्या बाटलीतून थेंब पडत होते. नानांनी हळूच हात वर केला आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. मी पलंगाचा तो वाकडा दांडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एकदा तोलून पाहिला.

"गेणू," म्हणाले, "हिकडं ये. पानी कुठनं फुटतं ते चोराइतकं कुनाला ठावं नसतं."

गेणूभाऊ स्टुलावरून उठला. त्याने पायातल्या वहाणा काढल्या. त्या कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या.

"वरनं दोन बाटल्या चालू," नाना म्हणाले. त्यांचा आवाज सरकारी झाला होता. "पोटात गेलं की सिष्टर चिमटा लावती, तवा थांबायचं. मंग खाली उतरतं. गेलं तेवढं आलं पायजे. नळी डाव्या अंगानं हाय, मांडीखाली दबती, तितं ध्यान. ताबा घे."

गेणूभाऊने सगळं म्हणून दाखवलं. मग दांडा त्याच्या दोन्ही हातांत गेला.

"ताबा घेतला," गेणूभाऊ म्हणाला.

नानांनी मान फिरवली. भिंतीकडे तोंड केलं. पाय चादरीखाली वळवळत होते, भागामावशीने घाईघाईने वाटी घेतली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आणि थोड्याच वेळात, पाय अधूनमधून झटके देत असतानाच, नाना घोरायला लागले. साधंसुधं घोरणं नव्हतं ते. खिडकीच्या काचा हलाव्यात असं. पोलिसाने टाळ्या वाजवायला हात वर केले, ते मेट्रननी वरच्यावर धरले. मी धावत डॉक्टरांकडे गेले. तेही धावत आले, दारात थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतक्या मोठ्या माणसाला एका घोरण्याने इतकं हरखलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसत होतो आणि भागामावशी तोंडात पदर कोंबून रडत होती.

गेणूभाऊ पाटकरी म्हणून नानांपेक्षा जास्त जाचक निघाला. "सिष्टर, पानी दबलं." "सिष्टर, ह्ये थेंब सावकाश का?" "सिष्टर, तुमी चहाला किती वेळ घेता?" कुणी त्या पलंगाला हात लावायला गेलं की दांडा आडवा धरायचा. डॉक्टरांनाही त्याने विचारलं, कशाला आला. तो जेवला नाही, हलला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी संपलं, मी नळी काढली, तेव्हा त्याने दांडा नानांच्या उशाशी ठेवला आणि म्हणाला, "बघ मोजून. थेंब चोरला न्हाई." नाना नुकतेच जागे झाले होते, चेहरा सुजलेला, डोळे ताजे. ते म्हणाले, "चोरलास की. माझा राग चोरलास." आणि दोघं एकमेकांना शिव्या देत इतके हसले की टाके तुटतील म्हणून मी ओरडले.

त्यानंतर नानांनी घरी जायचं नाव काढलं नाही. प्रत्येक खेपेला गेणूभाऊ यायचा, त्याला जमलं नाही तर चारीवरचा दुसरा कुणी शेतकरी. पायांची वळवळ गेली नाही, मधल्या दिवसांतली झोपही अर्धीमुर्धीच राहिली. चमत्कार वगैरे काही झाला नव्हता. पण पाणी चालू असताना माणूस झोपायचा, आणि तेवढ्यावर तग धरायचा. रक्तदाब उतरला, विसरलेले शब्द परत आले.

पुढे चार नंबरच्या पलंगावर शेवगावकडच्या एक शिक्षिका आल्या. त्यांनाही तोच आजार, तीच नळी आणि डोळ्याला डोळा नाही. त्यांचं कारण वेगळं होतं. झोपले तर पुन्हा उठणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नाना आपल्या सुट्टीच्या दिवशी खाकी कोट घालून, दांडा मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ स्टुलावर बसायला लागले. "बाई, मला न्हाई तरी झोप येत न्हाई. मंग तुमच्या वाटचा पन जागतो. तुमी ताबा द्या." बाई आधी हसल्या. मग त्यांनी एके दुपारी शाळेत कविता म्हणावी तसा सगळा तपशील म्हणून दाखवला, ताबा दिला आणि झोपल्या. नानांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो स्वतःच्या झोपेनंतरही नव्हता.

मुंबईचं बोलावणं आलं. भावाची किडनी नानांच्या पोटात बसली आणि चालायला लागली. हे मला गेणूभाऊने येऊन सांगितलं. पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा म्हणे नानांनी "चारीला पानी आलं" म्हणून असा पुकारा केला की परभाषेतल्या पेशंटनीही माना वळवल्या. पुढचे काही महिने ते छान झोपले, बाजेवर, ओट्यावर, भावाच्या दारात, जिथे पाठ टेकेल तिथे. मग कसलासा ताप आला आणि नाना गेले. नव्या किडनीच्या माणसांचं तेव्हा बरेचदा असं व्हायचं. हे ऐकून मी ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. मला ते फार आवडायचे, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

पण मला नाना आठवतात ते इस्पितळाच्या फाटकाशी, मुंबईला निघालेले. गेणूभाऊने कुणाची तरी जीप आणली होती. सामान चढलं होतं, भागामावशी बसली होती. नाना कोट घालून माझ्याकडे आले. हातात तो दांडा होता.

"सिष्टर, चार नंबरला पानी चालू हाय," म्हणाले. "बाईंचे पाय दुपारनंतर वळवळत्यात, काशाची वाटी भागीनं कपाटात ठिवलीय. नळी उजव्या अंगानं. मधी जाग आली तर बाई पयलं इचारतात, कोन हाय. तवा लगेच 'व' द्यायची. ताबा घ्या."

"मला दहा पेशंट आहेत ना?" मी म्हटलं. हसायला गेले, ते नीट जमलं नाही.

"आता तुमाला जमंल."

मी सगळं म्हणून दाखवलं. बाईंचे पाय, वाटी, उजवं अंग, जाग आली तर ओ द्यायची. "ताबा घेतला," मी म्हणाले. पुढे सगळी नोकरी मी ड्यूटी याच पद्धतीने दिली आणि घेतली, तोंडाने बोलून आणि समोरच्याकडून वदवून. ते मी कुठून शिकले असं पोरी विचारायच्या तेव्हा मी कालव्यावर म्हणायचे, आणि त्यांना ती थट्टा वाटायची.

दांडा माझ्या हातात आला. नाना वळले आणि जीपकडे निघाले. सुजलेले पाय सावकाश पडत होते. व्हरांड्यातून पेशंट हाका मारत होते, पोलीस कुबडी हलवत होता. गेणूभाऊ वळला, त्याने हात केला. जीप निघाली तशी भागामावशी मागच्या बाजूने दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मला मनापासून वाटत होतं, नानांनी एकदा तरी बघावं. पुढच्या सीटवर त्यांची ताठ पाठ आणि खाकी कॉलर दिसत होती.

त्यांनी वळून पाहिलं नाही. मी डोळे पुसले आणि आत गेले. चार नंबरला पाणी चालू होतं.